बारा इंची पानासाठी प्रिंटर : मकरंदास पत्र

प्रिय मकरंद,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. डिजिटल स्क्रॅपबुकची, म्हणजे फोटो आणि मजकूर संगणकावर जुळवून केलेली पाने पडद्यावरच अडकून राहू नयेत, ती घरीच छापून अल्बममध्ये लावावीत, हा तुझा विचार मला मनापासून आवडला. सोबत पाठवलेली यंत्रांची माहितीपत्रकेही मी वाचून काढली. त्यांत रंगांची संख्या आणि डीपीआयचे (इंचाला किती ठिपके याचे) आकडे ठळक अक्षरांत आहेत. मात्र कागद किती रुंद चालतो आणि त्या कागदावर कडेपर्यंत छापता येते की नाही, या तुझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या दोन गोष्टी बारीक टाइपात कुठेतरी दडलेल्या आहेत. तेव्हा तिथूनच सुरुवात करतो.

तुझे पान १२ × १२ इंचांचे, म्हणजे सुमारे ३०५ मिलिमीटर रुंद. ए३ कागदाची रुंदी २९७ मिलिमीटर. जेमतेम आठ मिलिमीटरांचा हा फरक असला, तरी ‘ए३ प्रिंटर’ म्हणून विकले जाणारे यंत्र, त्याची कमाल रुंदी खरोखरच ए३ एवढी असेल, तर तुझ्या उपयोगाचे नाही. तुला हवा तो ए३+, म्हणजे १३ × १९ इंचांचा कागद घेणारा प्रिंटर. बोलताना विक्रेते हे दोन्ही आकार सर्रास एकाच नावाने संबोधतात, म्हणून तोंडी उत्तरावर न विसंबता तांत्रिक तपशिलात कागदाची कमाल रुंदी १३ इंच किंवा ३२९ मिलिमीटर लिहिलेली आहे का, ते स्वतः पाहा. त्या एका अधिक-चिन्हावर तुझी सगळी खरेदी अवलंबून आहे.

त्याआधी एक प्रश्न मात्र स्वतःला प्रामाणिकपणे विचार : पान बारा इंचांचेच हवे का? आठ इंची चौरस पान साध्या ए४ कागदावर बसते आणि मग नव्या यंत्राची गरजच उरत नाही. बारा इंची रचना आठ इंचांवर आणली की सगळे दोन-तृतीयांश होते. बारा पॉइंटांत लिहिलेला मजकूर आठ पॉइंटांचा होतो आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना तो वाचायला चष्मा शोधावा लागतो. पानांवर मजकूर थोडा आणि फोटो मोठे असतील तर हे चालून जाईल. पण तू प्रत्येक फोटोशेजारी परिच्छेदच्या परिच्छेद लिहिणारा माणूस आहेस, त्यामुळे तुला बारा इंचच लागतील असे मी धरून चालतो.

आता कडेपर्यंत छापण्याविषयी. अनेक प्रिंटरांत अशी बॉर्डरलेस, म्हणजे कोरी कड न सोडणारी छपाई फक्त ड्रायव्हरच्या (संगणकातून प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) यादीत असलेल्या आकारांनाच मिळते. आपण स्वतः टाकलेल्या मापाच्या कागदाला चारही बाजूंनी थोडी कोरी पट्टी सुटते. म्हणून तू निवडशील त्या यंत्राच्या यादीत १२ × १२ हा आकार बॉर्डरलेससह आहे का, हे यंत्र घेण्याआधी तपासायला हवे. तो असला तरी आणखी एक बारकावा आहे. बॉर्डरलेस छापताना प्रिंटर चित्र किंचित मोठे करून कागदाच्या बाहेर सांडू देतो, आणि त्यात कडेजवळची अक्षरे किंवा नक्षीची रेघ कापली जाते. पानाच्या कडेलगतच्या पाव इंचात महत्त्वाचे काहीही ठेवू नये, हा नियम रचना करतानाच पाळावा.

मला स्वतःला दुसरी रीत अधिक भरवशाची वाटते : पान १३ × १९ च्या कागदावर छापावे आणि पट्टी व कटर घेऊन बारा इंचांवर कापावे. कड स्वच्छ येते, आणि १२ × १२ चे तयार कागद शोधत बसावे लागत नाही. उरलेला तुकडाही वाया जात नाही. छापण्याआधीच रिकाम्या जागेत ४ × ६ इंचांचे तीन फोटो शेजारी शेजारी लावले तर तेही त्याच कागदात निघतात. शिवाय काही यंत्रे ‘फाइन आर्ट’ प्रकारच्या जाड मॅट (बिनचमक) कागदावर वर-खाली तीनेक सेंटीमीटरची कोरी पट्टी सक्तीने सोडतात. १९ इंच लांबीत ती खपून जाते. १२ इंचांच्या कागदावर मात्र तिने पानाची पार वाट लागते.

डीपीआयच्या आकड्यांना फार महत्त्व देऊ नकोस. ५७६० × १४४० हा आकडा शाईचे थेंब कागदावर किती दाटीने पडू शकतात ते सांगतो. तुझ्या चित्रात तपशील किती आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. तुझी फाइल ३६०० × ३६०० पिक्सेलची असली की इंचाला ३०० पिक्सेल मिळतात आणि तेवढे भरपूर झाले. ४००० × ३००० पिक्सेलचा फोटो चौरस कापून पानभर पसरला तरी इंचाला २५० पिक्सेल पडतात, आणि तेही चांगलेच दिसते. चॅटवरून आलेले, दाबून लहान झालेले फोटो मात्र पानभर लावू नकोस. त्यांना कोणताही प्रिंटर वाचवू शकत नाही.

खरा निर्णय आहे तो शाईचा. डाय शाईत रंग पूर्णपणे विरघळलेला असतो. तो कागदाच्या लेपात शिरतो आणि ग्लॉसी (चकचकीत) कागदावर रंग झळाळून उठतात. पिगमेंट शाईत रंगाचे सूक्ष्म कण तरंगत असतात; ते कागदाच्या पृष्ठभागावर बसतात, प्रकाशाने कमी फिके पडतात आणि पाण्यालाही सहजी दाद देत नाहीत. मॅट कागदावर पिगमेंटचा काळा रंग फार खोल आणि सुंदर येतो. ग्लॉसी कागदावर मात्र छापलेल्या आणि कोऱ्या भागाची चकाकी वेगळी दिसते, तिरके धरले तर काळ्या भागावर तांबूस झाक येते; ती झाकायला काही यंत्रांत रंगहीन शाईची एक वेगळी टाकी असते. कॅननच्या प्रो-३०० या प्रिंटरमध्ये दहांपैकी एक टाकी याच कामासाठी आहे.

टिकाऊपणाच्या नावाखाली पिगमेंटच घ्या असा सल्ला तुला पुष्कळ जण देतील. भिंतीवर लावायच्या फोटोंसाठी तो योग्यच आहे. पण अल्बमचे पान आयुष्यातला बहुतेक काळ बंद, अंधारात आणि प्लास्टिकच्या आवरणात असते. डाय शाईचे दोन मोठे शत्रू, प्रकाश आणि हवेतला ओझोन, तिथे फारसे पोहोचतच नाहीत. विल्हेल्म इमेजिंग रिसर्च ही संस्था छापील फोटोंच्या आयुष्याच्या चाचण्या करते, तीही काचेमागे लावलेला फोटो, उघडा लावलेला फोटो आणि अल्बममधला फोटो यांचे आकडे निरनिराळे देते. तू आकडे पाहशील तेव्हा अल्बमच्या रकान्यातले पाहा. तुझ्या पानांना खरा धोका आहे तो ओलाव्याचा. छापलेल्या पानावर तू वरून कागदी फुले आणि फिती चिकटवणार असशील, तर पाणीदार गोंदाने डाय शाई फुटू शकते. तिथे कोरडा दुहेरी टेपच वापरावा.

रंगांची संख्या किती असावी? चार रंगांत चेहऱ्याच्या उजळ भागावर कधी कधी बारीक रवाळपणा दिसतो. सहा किंवा आठ रंगांच्या यंत्रांत फिका निळा आणि फिका किरमिजी असल्यास तो जातो. तुझ्याकडे आजी-आजोबांचे कृष्णधवल फोटो पुष्कळ आहेत, म्हणून राखाडी शाईला मी अधिक वजन देईन, कारण ती नसली तर प्रिंटर राखाडी रंग निळा-लाल-पिवळा मिसळून बनवतो आणि जुन्या फोटोंवर हिरवट किंवा जांभळट छटा चढते. एप्सनच्या ईटी-८५५० मध्ये राखाडी शाई आहे आणि मजकुरासाठी वेगळी पिगमेंट काळीही आहे. कॅननच्या प्रो-२०० मध्ये आठही शाया डाय आहेत आणि त्यांत राखाडीच्या दोन छटा आहेत. पांढरी शाई मात्र घरगुती यंत्रात नसते, तेव्हा काळ्या कार्डस्टॉकवर (जाड कार्डाच्या कागदावर) पांढरी अक्षरे छापण्याचा बेत सोडून दे.

यंत्र स्वस्त आणि शाई महाग, हा या व्यवसायातला आवळा देऊन कोहळा काढण्याचा जुना प्रकार आहे. १२ × १२ च्या पानाचे क्षेत्रफळ ४ × ६ च्या फोटोच्या सहापट. त्यात तुझ्या पानांना कडेपर्यंत रंगीत पार्श्वभूमी असते, म्हणजे कागदाचा इंच न् इंच शाई पितो. लहान कार्ट्रिजवर चालणारे यंत्र अशा कामात परवडत नाही. बाटलीने शाई भरायची टाकी असलेले यंत्र घेताना महाग पडते, पण नियमित छापणाऱ्याला तेच सोयीचे.

‘नियमित’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. इंकजेटचे, म्हणजे शाईचे थेंब उडवून छापणाऱ्या अशा प्रिंटरचे नोझल (शाईची छिद्रे) केसाहूनही बारीक असतात आणि यंत्र महिनोन् महिने पडून राहिले की शाई त्यांत वाळते. मग हेड, म्हणजे ही छिद्रे असलेला भाग, साफ करण्याची फेरी चालवावी लागते, तीत शाई छपाईविनाच वाया जाते आणि ती वाया गेलेली शाई साठवणारा स्पंज भरत जातो. तो स्पंज ज्या यंत्रात आपल्याला काढून बदलता येतो तेच घ्यावे. हेडविषयीही आधीच विचार : कॅननच्या अनेक यंत्रांत ते काढून बदलता येते, तर एप्सनचे यंत्रातच कायम बसवलेले असते. तू आठवड्याला एखादे रंगीत पान छापणार असशील तर यंत्र घे; वर्षातून एकदाच, दिवाळीच्या सुट्टीत पंचवीस पाने काढणार असशील, तर फोटो लॅबकडून ती छापून घेणे स्वस्तही पडेल आणि डोक्याला तापही होणार नाही.

कागद आम्लमुक्त आणि लिग्निनमुक्त (लाकडातले लिग्निन हे द्रव्य काढलेला) घ्यावा, नाहीतर शाई टिकेल आणि कागदच पिवळा पडेल. पानासाठी दोनशे जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) पुढचा मॅट कागद मला सर्वांत आवडतो. त्यावर बोटांचे ठसे उमटत नाहीत आणि मजकूर वाचताना चमक डोळ्यांत जात नाही. असा जाड कागद पुढच्या ट्रेमधून यू आकारात वळून जाताना अडकतो, म्हणून मागून सरळ कागद घालण्याची सोय असलेलेच यंत्र पाहा. त्याच्या मागे-पुढे किती जागा लागते तेही टेबलावर मोजून ठेव. छापलेले पान निदान एक दिवस उघडे वाळू द्यावे आणि मगच आवरणात घालावे. आवरण पीव्हीसीचे नसावे, पॉलिप्रॉपिलीनचे असावे.

रंगांबद्दल एवढेच सांगतो की पान पडद्यापेक्षा काळवंडलेले निघाले, तर दोष बहुधा पडद्याच्या उजेडाचा असतो. तो आधी कमी कर, आणि तुझ्या कागदासाठीचा आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उमटतात ते संगणकाला सांगणारी फाइल) वापर. रंगांची जबाबदारी सॉफ्टवेअरकडे दिली असेल तर प्रिंटरच्या ड्रायव्हरमधली रंगदुरुस्ती बंद ठेव, नाहीतर दोघेही आपापली दुरुस्ती करून रंग बिघडवतात. आणि स्कॅनर जोडलेले यंत्र घेतलेस तरी त्याची काच बहुधा ए४ एवढीच असते, त्यामुळे जुन्या मोठ्या अल्बमची पाने तिच्यावर एका वेळी मावणार नाहीत.

तुझ्या यादीतल्या यंत्रांपैकी टाकीची शाई असलेला, राखाडी रंगाचा, मागून कागद घेणारा ए३+ प्रिंटर मी निवडीन. तो डाय शाईचा आहे म्हणून अडू नकोस. पैसे देण्याआधी त्याच्या ड्रायव्हरमधली कागदांच्या आकारांची यादी मला पाठव, आणि तुझे एक कृष्णधवल फोटोंचे व एक गडद पार्श्वभूमीचे पान पूर्ण आकारात पाठव. दोन्ही मी माझ्याकडे मॅट आणि ग्लॉसी कागदावर छापून टपालाने धाडतो. ते हातात घेऊन पाहिलेस की कागद कोणता घ्यायचा तेही ठरेल.

वहिनींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीपाद