आधी उचल, मग चित्र

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईची नोकरी सोडून गावी परतलेल्या आणि घरूनच चित्रं, फोटो, डिझाइन अशी कामं करणाऱ्या कोकणातल्या मुलांवर आपल्या रविवार पुरवणीत लेख आला होता. मी तो दोनदा वाचला, कारण मी त्यांच्यातलीच एक आहे. देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीत बसून मी आंब्याच्या खोक्यांवरची चित्रं, कोकम आगळाच्या बाटल्यांची लेबलं, तारकर्ली-मालवणकडच्या होमस्टेचे फलक, लग्नपत्रिका आणि दशावतारी मंडळांची पोस्टरं करते. लेख मनापासून लिहिलेला होता. पण या कामाचे पैसे हातात कधी पडतात हे त्यात कुठेच आलं नाही. मला त्याबद्दलच लिहायचं आहे.

माझं वर्ष आंब्याच्या मागून चालतं. डिसेंबरात मोहोर धरला की खोक्यांची कामं येतात, एप्रिल-मेमध्ये पत्रिका. मग १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, पर्यटक नाहीत, होमस्टेंना टाळं, आणि वीज गेली तर दोन-दोन दिवस येत नाही. त्या दिवसांत घर चालतं ते आधी मिळालेल्या पैशांवर. ते मिळालेच नसतील तर किराणा दुकानाच्या वहीवर.

खोक्यावरचा आंबा काढणं म्हणजे काय, हे थोडं सांगते, कारण ‘चार रेघा’ हा शब्द मला फार वेळा ऐकावा लागतो. हापूसला चोच नसते, पायरीला असते. ज्याने आंबा झाडावर पाहिलेला नाही तो बिनदिक्कत हापूसला चोच काढतो आणि बागायतदाराच्या नावाने तसलाच आंबा बाजारात जातो. तपकिरी पुठ्ठ्यावर पिवळा रंग मळकट उमटतो. त्याखाली पांढरा थर द्यावा लागतो, नाहीतर देठाजवळची केशरी झाक चिखलासारखी दिसते. ती छपाई नीट उतरली का हे पाहायला मी फोंडा घाटातून एसटीने कोल्हापूरला जाते, नमुना हातात घेऊन उजेडात धरते आणि चुकला असेल तर परत करायला लावते. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून तर खोक्यावर काय लिहायचं आणि काय नाही, हेही तपासावं लागतं. एका खोक्यामागे माझे पंधरा-वीस दिवस जातात.

आता पैशांचं. दोन वर्षांपूर्वी एका बागायतदार काकांचं काम केलं. पाच हजार खोकी, माझे आठ हजार रुपये, सगळं तोंडी. सहा वेळा बदल करून दिले. खोकीवाल्याने माल उचलायच्या आधी पूर्ण पैसे मागितले, ते त्यांनी दिले. फवारणीच्या गड्यांची मजुरी रोज संध्याकाळी हातावर पडली. टेम्पोवाल्याला भाडं मिळालं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “गे बाय, आंबो गेलो काय देतंय.” त्या वर्षी थ्रिप्स किडीने मोहोर काळा पडला आणि आंबा काही फार गेला नाही. पुढे विचारायची माझी मलाच चोरी झाली. आमच्या घरच्या कार्यात त्यांनी पंगत वाढलेली आहे. ते पैसे आजही आलेले नाहीत.

काका लबाड आहेत असं मला अजिबात म्हणायचं नाही. माझे वडीलही बागायतदारच. साठ कलमं, माल वाशीला. मे महिन्यात दलालाकडून पट्टी आली की ओटीवर बसून ते ती बोटाने वाचायचे: किती डझन, काय भाव, भाडं, हमाली, अडत. शेवटचा आकडा वाचून झाला की थोडा वेळ कोणाशी बोलायचे नाहीत. आपल्या मालाचा भाव दुसऱ्याने ठरवायचा आणि पैशांची वाट आपण पाहायची, हे आमच्या घराला नवं नाही. पण त्या धंद्यातसुद्धा हंगामाआधी उचल मिळते. खलाशी होडीवर चढायच्या आधी उचल घेतो. कोकणात उचल हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. मग चित्र काढणाराच तेवढा हंगाम संपेपर्यंत का थांबतो?

मला वाटतं, चित्राला घाम दिसत नाही म्हणून. मी घरात बसलेली असते, वर पंखा असतो, समोर स्क्रीन असतो. ते काम घरचंच वाटतं, आणि घरच्या कामाचे पैसे मागणं वाईट दिसतं. बाईने मागणं जास्तच वाईट दिसतं.

कायदा आमच्या बाजूचा आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार, ‘उद्यम’ ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी असलेल्या लहान व्यावसायिकाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. ही नोंदणी फुकट आहे, आधार आणि पॅन पुरतं, मी घरूनच केली. प्राप्तिकर कायद्यातही १ एप्रिल २०२४ पासून तरतूद आली की सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे मुदतीबाहेर थकवलेले पैसे, प्रत्यक्ष देईपर्यंत देणाऱ्याला आपल्या खर्चात धरता येत नाहीत. हॉटेलं, कंपन्या यांच्याकडून पैसे काढायला हे शस्त्र चांगलं आहे. माझं एका हॉटेलाचं थकलेलं बिल, त्यांच्या हिशेबनिसाला ही तरतूद कळवल्यावर आठवड्यात मिळालं. पण ज्यांच्या पडवीतून मी रोज स्टॅण्डवर जाते त्या काकांवर मी थकलेल्या पैशांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करणार नाही. वाडीत कोणीच करणार नाही. म्हणून वसुलीचा मार्ग आमच्या कामाचा नाही. जे ठरायचं ते काम सुरू होण्याआधी ठरलं पाहिजे.

दुसरी गोष्ट हक्काची. मागच्या हंगामात चुलतभावाने वाशीहून फोटो पाठवला: माझाच आंबा, देठापाशी मी मुद्दाम ठेवलेलं वाकडं पान, आणि खाली भलत्याच बागेचं नाव. छापखान्याने तेच चित्र आणखी कोणाला वापरून दिलं होतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, मोबदला ठरवून काढून घेतलेल्या रंगचित्राचा किंवा फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातो. हे आमच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. चित्रकार म्हणून आपलं नाव सांगण्याचा हक्क मात्र त्यानंतरही आपल्याकडेच राहतो (कलम ५७). म्हणजे लेखी काहीच नसेल तर नुकसान आपलंच. ते पान पाहून मला रडू आलं, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

त्यानंतर मी मराठीत एक पानी कागद तयार केला. निम्मी रक्कम उचल म्हणून आधी. दोन वेळा बदल त्यातच, तिसऱ्यापासून वेगळे पैसे. छपाईची फाइल उरलेली रक्कम मिळाल्यावर. चित्र कोणत्या मालासाठी आणि किती वर्षं वापरायचं ते लिहिलेलं, चित्राचा हक्क माझ्याकडे. आणि खोक्याच्या तळाच्या पाकळीवर बारीक अक्षरात माझं नाव. हा कागद पुढे करताना पहिल्यांदा माझा हात थरथरला होता. तीन गिऱ्हाईकं गेली. एक वहिनी म्हणाल्या, “आमच्यावर विश्वास नाय काय गो तुझो?” त्यांना मी सांगितलं की खोकीवाल्यावरही तुमचा विश्वास आहेच, तरी त्याला पैसे आधी देता ना. त्या जरा थांबल्या आणि सही केली.

सगळ्यात आधी सही झाली ती आमच्या शेजारच्या गावातल्या बचत गटाची. त्यांना आगळाची लेबलं हवी होती. दहा-वीसच्या नोटांत निम्मे पैसे पिशवीतून काढून मोजून दिले. भावात घासाघीस नाही. “आमका पण लोक उधारीवरच मागतत,” एवढंच त्यांच्यातली एक म्हणाली. उरलेली रक्कम लेबलं छापून यायच्या आधी घरी आणून दिली.

मी सावर्ड्याच्या कला महाविद्यालयात शिकले. तिथून बाहेर पडणारी मुलं मला फोन करून विचारतात, “ताई, किती घ्यायचे?” मी त्यांना आधी विचारते, “उचल किती घेतलीस?” बहुतेक वेळा पलीकडून आवाज येत नाही.

तो एक पानी कागद या पत्रासोबत जोडला आहे. आपल्याकडे जागा असेल तर जसाच्या तसा छापावा. ज्याला हवा त्याने कापून घ्यावा, आपलं नाव घालून वापरावा, माझी परवानगी मागायची गरज नाही. गिऱ्हाईकं सगळी ओळखीची आणि वाडीतली आहेत, म्हणून पत्राखाली माझं नाव छापू नये, ही विनंती.

आपली,
एक चित्रकार
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग