कंसाबाहेरचा ॲनायन

प्रतापनगर, नागपूर
12 ऑगस्ट

चि. सौरभ,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर म्हणालास, "गाइडनं टायटेनियमचे कॅटायन करायला दिले आणि मी नुसते सॉल्व्हंटच वाळवून राहिलो." तुझा वैताग कळला. मागून तुझे बाबा मॅचचा स्कोअर ओरडत होते, त्यामुळे बोलणं अर्धवट राहिलं. म्हणून लिहायला बसले. फोनवर मी ही बडबड केली असती तर तू "हो हो" म्हणून ठेवून दिला असतास. पत्र निदान खिशात तरी राहतं.

मूळ गोष्ट आधी. कॅटायन म्हणजे धनभारित कण, ॲनायन म्हणजे त्याचा ऋणभारित जोडीदार. दोन सीपी रिंगा (सायक्लोपेंटाडायनाइल, पाच कार्बनची कडी) आणि दोन मिथाइल घेतलेलं टायटेनियम सोळा इलेक्ट्रॉनवर असतं. म्हणजे असे धातू ज्यावर स्थिरावतात त्या अठराला आधीच दोन कमी. त्यातला एक मिथाइल तू त्याच्या इलेक्ट्रॉनच्या जोडीसकट काढून घेतलास की उरतात चौदा, वर धनभार आणि एक मोकळी जागा. डी-कक्षेत एकही इलेक्ट्रॉन नाही. आता पाण्याचा ऑक्सिजन असो, इथरचा असो, ॲसिटोनायट्राइलचा नायट्रोजन असो, कोणाकडे इलेक्ट्रॉनची जोडी दिसली की हा त्याला धरणार. दुसरं काही नाही मिळालं तर टोल्यूइनच्या रिंगेलाही चिकटून पाहील. सॉल्व्हंटमधलं ओलेपण काढण्यात तुझे दिवस जातात ते यासाठी. ते काम नुसती प्रयोगाची तयारी समजू नकोस. प्रयोगाची पहिली पायरी तीच आहे.

आपल्याकडे कॉलेजात टायटेनियम टेट्राक्लोराइडची बाटली होती, आठवते का तुला? लहानपणी तू प्रयोगशाळेत यायचास तेव्हा "आई, धूर दाखव" म्हणायचास. मे महिन्यात नागपूरच्या कोरड्या हवेत तो धूर जरा आवरून असायचा. ऑगस्टमध्ये मात्र झाकण फिरवलं रे फिरवलं की पांढरा लोट, आणि नाकात हायड्रोजन क्लोराइडची झोंबणारी वाफ. बाटलीच्या गळ्याशी पांढरी पापडी धरायची, ऑक्साइडची, आणि झाकण असं बसायचं की आमचे परिचर ते फडक्यात धरून पिळायचे. तुझा कॅटायन हवेला याच्याहूनही नाजूक. फरक एवढाच की तो धूर काढून सांगत नाही, मुकाट्यानं मरतो.

हा कॅटायन खरंच असतो का, यावर लोक जवळजवळ तीस वर्षं भांडले. कार्ल झिग्लर यांनी 1953 साली जर्मनीत म्युलहाइममध्ये टायटेनियम टेट्राक्लोराइड आणि ॲल्युमिनियम अल्काइल (कार्बनच्या साखळ्या जोडलेलं ॲल्युमिनियम) एकत्र करून साध्या दाबाखाली पॉलिएथिलीन केलं. पुढच्याच वर्षी इटलीत जुलिओ नाट्टा यांनी प्रोपिलीनची नीट रचनेची साखळी केली. 1963 चं नोबेल दोघांना मिळून. पण त्या काळपट गाळात नेमकं काम कोण करतं हे कोणी बघू शकत नव्हतं. 1957 मध्ये ब्रेस्लो आणि न्यूबर्ग यांनी, आणि तिकडे नाट्टांच्या लोकांनीही, टायटेनोसीन डायक्लोराइड (दोन सीपी आणि दोन क्लोरीनवालं टायटेनियम) घेतलं. तेच ते लाल स्फटिक, जे विल्किन्सन आणि बर्मिंगहॅम यांनी 1954 मध्ये केले होते. ॲल्युमिनियमच्या संयुगाबरोबर ते पूर्ण विरघळतं, म्हणजे अभ्यास करता येतो. तरी एक पक्ष म्हणे टायटेनियम आणि ॲल्युमिनियम क्लोरीनच्या पुलानं जोडलेले राहतात, सुटा कॅटायन वगैरे काही नसतो. दुसरा पक्ष, त्यात रशियातले शिलोव आणि द्याचकोव्स्की, 1960च्या दशकातच म्हणत होता की काम करतो तो धनभारित टायटेनियमच.

याचा निकाल ज्या प्रयोगानं बऱ्यापैकी लागला तो मला अजूनही फार आवडतो. अडचण अशी की एथिलीन दिलं तर साखळी भराभर वाढते, पहिली पायरी पकडायला हाताशी काही राहतच नाही. 1985 मध्ये रसायनशास्त्रज्ञ आइश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एथिलीनऐवजी एका बाजूला फिनाइल आणि दुसऱ्या बाजूला ट्रायमिथाइलसिलिल असलेलं जाडजूड अल्काइन (तिहेरी बंधाचं संयुग) दिलं. ते टायटेनियम-मिथाइल बंधात एकदा शिरलं आणि तिथेच अडलं, दुसऱ्याला शिरायला वावच नाही. स्फटिक मिळाले, क्ष-किरणांनी रचना काढली, तर टायटेनियमचा कॅटायन एकीकडे आणि टेट्राक्लोरोॲल्युमिनेट हा ॲनायन वेगळा. जे पळतं त्याच्यामागे धावायचं नाही, त्याला अडेल असा घास द्यायचा. असली युक्ती आयुष्यात एकदा जरी सुचली तर पीएचडी सार्थकी लागली म्हणेन मी.

लगेच 1986 मध्ये रसायनशास्त्रज्ञ जॉर्डन यांनी झिर्कोनियमचा, तर बॉखमन आणि विल्सन यांनी टायटेनियमचा अल्काइल कॅटायन ॲल्युमिनियमचा स्पर्शही न होऊ देता वेगळा करून दाखवला. तुझं काम त्याच वाटेवरचं आहे.

आता करायचे कसे, ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तरी जिथे पाय घसरतो तेवढं सांगते. एका मिथाइलच्या जागी क्लोराइड असलेल्या संयुगातून तो क्लोराइड काढायला सोडियम टेट्राफिनाइलबोरेट वापरलंस तर मीठ खाली बसतं, काम सोपं. पण बहुधा ॲसिटोनायट्राइल किंवा टीएचएफसारख्या (हे एक इथर) इलेक्ट्रॉनची जोडी देणाऱ्या दात्याच्या सोबतीनंच ते जमतं, आणि मग तो दाता मोकळ्या जागेवर ठाण मांडतो. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तसं. एथिलीन आलं तरी बसायचं कुठे? ॲनिलिनियमच्या (प्रोटॉन देणाऱ्या अमाइनच्या) मिठानं मिथाइल काढलास तर मिथेन बुडबुडून निघून जातो हे छान, पण मागे डायमिथाइलॲनिलिन उरतं आणि तेही अमाइनच, कधी कधी जाऊन चिकटतं. ट्रिटिलच्या (तीन फिनाइलवाल्या कार्बन कॅटायनच्या) मिठानं काढलास तर उरतं ट्रायफिनाइलइथेन, ते बिचारं बऱ्यापैकी अलिप्त. पेंटाफ्लुओरोफिनाइलचा बोरेन वापरलास तर तो मिथाइल स्वतःकडे ओढून घेतो आणि स्वतःच ॲनायन बनतो, दुसरं काही उरतच नाही. टोबिन मार्क्स यांच्या गटानं 1991 मध्ये झिर्कोनियमवर हे दाखवलं, तेव्हापासून सगळे त्याच्यामागे लागले.

पण सौरभ, माझा खरा मुद्दा पुढेच आहे. पुस्तकात कॅटायन चौकटी कंसात ऐटीत काढतात आणि ॲनायन कंसाबाहेर, उरकून टाकल्यासारखा. विद्यार्थी तो वाचतसुद्धा नाहीत. मी इतकी वर्षं शिकवून सांगते, भानगड सगळी त्या कंसाबाहेरच्यात असते. टेट्राफिनाइलबोरेट दिसायला गरीब, पण त्याची फिनाइल रिंग टायटेनियमला टेकू शकते. बोरेननं ओढलेला मिथाइल पूर्ण सुटत नाही, तो टायटेनियम आणि बोरॉनच्या मध्ये पुलासारखा राहतो. चारही रिंगा फ्लुओरिननं भरलेला बोरेट सगळ्यांत लांब राहतो, म्हणून त्याच्याबरोबर तोच कॅटायन कितीतरी चपळ, आणि तितकाच अल्पायुषी. तेव्हा "हा कॅटायन सुस्त आहे" असं वहीत लिहिण्याआधी शेजारी कोण बसलंय ते बघ. फ्लुओरिन एनएमआर घे, चुंबकात ठेवून फ्लुओरिनचे सिग्नल वाचायची ती तपासणी. मिथाइल असलेल्या बोरेटमध्ये रिंगेवरच्या मेटा आणि पॅरा जागांवरच्या फ्लुओरिनच्या सिग्नलमधलं अंतर 3 पीपीएमच्या वर असेल तर ॲनायन टेकलेला, खाली असेल तर मोकळा. पाच मिनिटांत कळतं. एवढं सोपं असून लोक घेत नाहीत याचा मला राग येतो.

कॅटायन एकदा हाती आला की तो काय करतो? मुख्य काम शिरवून घेणं. एथिलीन, अल्काइन, इतकंच काय नायट्राइलसुद्धा टायटेनियम-कार्बन बंधात शिरतं. म्हणजे ॲसिटोनायट्राइल नुसती सीट धरत नाही, हळूहळू स्वतःच अभिक्रिया करून मोकळं होतं. डी-इलेक्ट्रॉन नसल्यामुळे टायटेनियम एथिलीनला घट्ट धरून ठेवू शकत नाही, म्हणून तर ते चटकन पुढे सरकून साखळीत जातं. आणि टायटेनियमची खोड म्हणजे एक इलेक्ट्रॉन घेऊन अधिक चारवरून अधिक तीनवर उतरणं. झिर्कोनियम सहसा असं करत नाही. लाल-पिवळं द्रावण टीएचएफमध्ये हिरवं किंवा ॲसिटोनायट्राइलमध्ये निळं पडायला लागलं की समज, टायटेनियम तीन झालं. उलट त्याचा उपयोगही आहे: टायटेनोसीन डायक्लोराइड जस्ताबरोबर हलवून केलेलं द्रावण ग्लव्ह बॉक्समध्ये (हातमोजे लावलेल्या हवाबंद पेटीत) उघडून ठेव, रंग फिरला तर ऑक्सिजन शिरलाय. डायमिथाइलवालं संयुग उजेडात ठेवू नकोस, फॉइल गुंडाळ.

एक सीपी, सिलिकॉनचा पूल आणि नायट्रोजन असलेलं टायटेनियमही वाच, डाऊ कंपनीनं ज्यावर धंदा उभा केला ते. एक सीपी गेल्यामुळे धातूची एक बाजू उघडी पडते, ऑक्टीनसारखी लांब अल्कीनंही आत येतात. त्या जातीचं रबरी प्लास्टिक आता सोलर पॅनेलच्या काचेखाली असतं; आपल्या गच्चीवरचे पॅनेल बसवायला पोरं आली होती तेव्हा मला हेच आठवत होतं. तुझे बाबा म्हणाले, "काहून हसून राहिली?" काय सांगणार!

दोन गोष्टी मात्र आईची आज्ञा म्हणून ऐक. डायक्लोरोमिथेन सोडियमवर कधीच वाळवायचं नाही, स्फोट होतो. कॅल्शियम हायड्राइड आहे ना त्यासाठी. आणि व्हॅक्यूम लाइनच्या ट्रॅपला (वाफा गोठवून पकडणाऱ्या नळीला) द्रव नायट्रोजन लावलेला असताना हवा आत येऊ द्यायची नाही. नायट्रोजन उणे 196 वर उकळतो, ऑक्सिजन उणे 183 वर. ट्रॅपमध्ये हवेतला ऑक्सिजन द्रव होऊन साठतो आणि त्यात सॉल्व्हंट असतंच. फिकट निळं काही दिसलं तर हात लावू नको, पंप चालूच राहू दे, सगळ्यांना बाहेर काढ आणि सीनियरला हाक मार. रात्री एकट्यानं लाइनवर काम नको.

पुढच्या वेळी फोन केलास की संयुगाचं नाव ॲनायनसकट सांग. आणि फ्लुओरिनचा स्पेक्ट्रम मोबाइलवर पाठव, मी चष्मा लावून बघेन. राखीला ताई येणार आहे, तिच्याबरोबर शेवचिवडा आणि तुझं स्वेटर देते.

तुझी,
आई