गोठा मोडला तर मोडू दे

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

गोठ्याजवळचा फणस पाडण्याबद्दल फोनवर बोललो असतो तर दोन मिनिटांत भांडण झालं असतं, आणि मग नेहमीसारखं बाबा म्हणाले असते "आवाज तुटतोय तुझा" आणि फोन आईकडे गेला असता, म्हणून लिहितेय. आई, तू हे बाबांना मोठ्याने वाचायला लाव, मधली पानं गाळू देऊ नकोस.

आधी कबुली. गेले दोन शनिवार-रविवार मी "मैत्रिणीकडे आहे, अभ्यास आहे" असं सांगितलं ना, ते खोटं होतं. मी जंगलात होते. झाड कसं पाडायचं ते शिकत होते, चेनसॉ घेऊन. आपल्याकडे कटर म्हणतात तेच ते मशीन, ज्याचा आवाज ऐकला की आई कानात बोटं घालते. हात-पाय सगळे जागेवर आहेत, व्हिडिओ कॉलवर मोजून घ्या.

झालं असं की आमच्या घरात लाकडाची शेगडी आहे, मोठी, भिंतीतली. गॅस महागल्यापासून सगळे लाकूड जाळतात आणि फोडलेलं लाकूड विकत घ्यायचं तर तेही महाग, पण इथे जंगलखात्याकडे थोडे पैसे भरले की त्यांनी कापून नेलेल्या झाडांचे राहिलेले शेंडे-फांद्या आपण जाऊन कापून आणू शकतो. अट एकच, चेनसॉचा दोन दिवसांचा कोर्स केल्याचं सर्टिफिकेट पाहिजे, त्याशिवाय मशीन हातात घेऊन आत पाऊल टाकू देत नाहीत. मग घरातल्या तिघांनी नाव नोंदवलं, मी, नाशिककर आणि लांब्या. (लांब्या म्हणजे तोच जर्मन मुलगा, ज्याला बघून आई म्हणाली होती की हा जेवतो की नाही.) दोन दिवस कोर्स, आणि पुढच्या शनिवार-रविवारी लगेच लाकडं आणायला.

जर्मनीतल्या आमच्या ग्योटिंगेनपासून हार्त्सचे डोंगर तासाभरावर. बाबा, तुम्हाला ते डोंगर बघून वाईट वाटलं असतं. 2018 पासून लागोपाठ तीन वर्षं पाऊस कमी झाला, स्प्रूसची (इथली सूचिपर्णी) झाडं सुकत गेली आणि मग सालीखाली राहणारा एक भुंगा लागला, तांदळाच्या दाण्याएवढा सुद्धा जेमतेम. डोंगरच्या डोंगर राखाडी उभे आहेत, पान नाही की काही नाही, नुसते खांब. मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा निसर्ग वादळानंतरची आपली वाडीच आठवली, फक्त आपल्याकडे सगळं आडवं झालं होतं आणि इथे सगळं उभ्या उभ्या मेलंय.

पहिला अर्धा दिवस मशीनला हातही लावू दिला नाही. शिकवणारे आजोबा (खरंच आजोबा, चाळीस वर्षं जंगलात काम केलेले, डाव्या हाताचं एक बोट अर्धं) नुसते कपडे दाखवत होते. हेल्मेट, त्याला पुढे जाळी आणि कानावर टोप्या, पुढून लोखंड असलेले बूट, आणि ती पॅंट. आई, त्या पॅंटची गंमत ऐक. आत पातळ लांब धाग्यांचे थर असतात. आजोबांनी एक जुनी पॅंट ओंडक्याला गुंडाळली आणि चालू मशीन तिच्यावर टेकवलं. वरचं कापड फाटलं आणि आतून नारळाच्या सोडणातून काथ्या निघतो तसे धागे भसाभस बाहेर आले, चेनीबरोबर आत ओढले गेले, गिअरपाशी गोळा झाला आणि मशीन जागच्या जागी बंद! सेकंदसुद्धा लागला नाही. ओंडक्यावर ओरखडा नाही. चेन सेकंदाला वीस मीटर पळत असते बाबा, तरी. मग ती पॅंट टाकून द्यायची, एकदाच वाचवते. शंभर युरोच्या वर पैसे गेले तेव्हा जीव खाली-वर झाला होता, ते बघितल्यावर काही वाटलं नाही. आणि तेव्हाच आपल्याकडे येणारा तो कटरवाला डोळ्यासमोर आला. लुंगी, स्लिपर, कानात बिडी.

मशीन सुरू कसं करायचं त्यातच एक तास गेला. जमिनीवर ठेवायचं, मागच्या मुठीत बूट रोवायचा, ब्रेक लावलेला, मगच दोरी ओढायची. हवेत झटका देऊन सुरू करायचं नाही, नाशिककर तेच करायला गेला आणि सगळ्यांसमोर ओरडा खाल्ला. (तो सांगत होता आमच्या मळ्यात मी द्राक्षाची छाटणी केलीय, मला येतं. कात्री आणि चेनसॉमध्ये फरक असतो बाबा.) आणि चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीच्या टोकाचा वरचा भाग कधीही लाकडाला लागू द्यायचा नाही, तिथे लागला की मशीन उसळून सरळ तोंडावर येतं, डोळा मिटायच्या आत. म्हणून खांद्याच्या वर उचलून कापायचं नाही, शिडीवर चढून तर नाहीच नाही. बाबा, शिडीवर चढून कोण कापतं ते मी सांगत नाही.

आता झाड पाडायचं. हे तुम्हाला आवडेल कारण सगळं अपूर्णांकात आहे. मला मिळालेलं झाड बुंध्याशी 25 सेंटीमीटर. ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूला आधी खाच घ्यायची, बुंध्याच्या पाचव्या भागापासून फार तर तिसऱ्या भागापर्यंत खोल, म्हणजे 5 ते 8 सेंटीमीटर. मग मागून कापत यायचं, पण आरपार नाही! मध्ये दहावा भाग ठेवायचा, म्हणजे अडीच सेंटीमीटर, आईच्या अंगठ्याच्या रुंदीएवढा. ती झाली बिजागरी. दार जसं बिजागरीवर फिरतं तसं झाड तिच्यावर वळत खाली येतं, म्हणून ते सांगितलेल्या जागी पडतं. आणि मागचा काप खाचेच्या तळापेक्षा थोडा वर घ्यायचा, म्हणजे पायरी होते, बुंधा मागे सरकून आपल्या अंगावर येत नाही. मागच्या फटीत पाचर ठोकायची. बिजागरी कापून टाकली की संपलं, मग झाड त्याच्या मर्जीचं.

माझी बिजागरी वाकडी झाली. एका बाजूला अडीच, दुसऱ्या बाजूला जेमतेम एक. झाड पडता पडता वळलं आणि ठरवलेल्या खुंटीपासून चांगलं दोन मीटर बाजूला आदळलं. कुणी नव्हतं तिथे, नसणारच होतं, पण माझे पाय बराच वेळ थरथरत होते. आजोबा काही बोलले नाहीत, खिशातून खडू काढला आणि बुंध्यावर माझी चूक गोल करून दाखवली. तुम्ही पेपर तपासताना करायचात ना, डिट्टो तसं. फक्त लाल शाई नव्हती.

पण खरं शिकणं कापण्याच्या आधीचं आहे. झाडाभोवती फिरायचं, वर बघायचं, कुठे झुकलंय, वजन कुठल्या फांदीत आहे, वारा कुठला, वर काही सुकलेलं अडकलंय का. मग स्वतःला पळायची वाट साफ करायची, सरळ मागे नाही, मागे तिरकी. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरा माणूस नको. आणि एकट्याने कधीच नाही. कानावर टोप्या असल्या की हाक ऐकू येत नाही म्हणून हाताच्या खुणा ठरलेल्या, आणि जो कापतोय त्याने आपल्याकडे बघून मान हलवेपर्यंत दुसऱ्याने जागचं हलायचं नाही. लांब्या हे इतकं तंतोतंत पाळतो की एकदा मी मान हलवायला विसरले तर तो पाच मिनिटं खांबासारखा उभा. आणि नाशिककर माझा फोटो काढायला मागून जवळ आला तर आजोबांनी शिट्टी मारून सगळं बंद केलं आणि त्याला अर्धा तास गाडीत बसवून ठेवलं. रुसला होता तो. संध्याकाळी स्वतःच म्हणाला की बरोबर केलं त्यांनी.

जंगलात जागोजागी हिरव्या पाट्या आहेत, पांढरा क्रॉस आणि नंबर. काही झालं तर 112 ला तो नंबर सांगायचा, अॅम्ब्युलन्स नेमकी तिथे येते. काम सुरू करायच्या आधी प्रत्येकाने जवळच्या पाटीचा नंबर पाठ म्हणून दाखवायचा. मी मनात म्हटलं, आपल्याकडे 108 ला फोन लावायचा तर आधी रेंजसाठी देवळाच्या पायऱ्यांपर्यंत पळावं लागतं.

आता मूळ मुद्दा, आणि बाबा, इथे चष्मा पुसून घ्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबांनी वादळात पडलेल्या झाडांबद्दल सांगितलं. मुळासकट उपटून आडवं झालेलं झाड. मुळं मातीसकट उभी राहतात, त्याला इथे मुळांचं ताट म्हणतात, आणि तसंच दिसतं ते, धुवून भिंतीला टेकवलेल्या ताटासारखं. खोडाच्या वजनाने ते ताट तिरकं राहिलेलं असतं. खोड कापलं की वजन जातं आणि ताट सटकन परत खड्ड्यात बसतं. त्या खड्ड्यात जो असेल तो संपला. म्हणून आधी ते टेकू लावून किंवा केबलने बांधून धरतात आणि खड्ड्याच्या आसपास कुणाला फिरकू देत नाहीत.

मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. 2020 चा जून आठवला. 3 तारखेला वादळ, दोन दिवसांनी वटपौर्णिमा, आईने पारावर न जाता अंगणात येऊन पडलेल्या वडाच्या फांदीलाच सूत गुंडाळलं होतं. लाईट नाही, कौलं उडालेली, रोठा सुपारीच्या दोनशे पोफळी आडव्या, आणि मागच्या दारचा रायवळ आंबा मुळासकट पडलेला. त्या मुळांत मोटरचा पाइप अडकला म्हणून तुम्ही खड्ड्यात उतरून हॅक्सॉने पाइप कापत होता. आठवतंय? मी वर चहा घेऊन उभी होते, तुम्ही चहा प्यायला वर आलात. आणि तो कटरवाला खोड कापतच होता. कप अर्धा झाला नसेल आणि धप्प! अख्खा बुंधा उठून उभा राहिला, खड्डा बंद, पाइपाचा चुरा. सगळे हसले. कोणीतरी म्हणालं आंबा उठून नमस्कार करतोय. मी पण हसले बाबा. चार-पाच वर्षं ती गोष्ट मी इथे सगळ्यांना विनोद म्हणून सांगत होते.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी एका ओंडक्यावर बसून रडले. लांब्याने काही विचारलं नाही, आपल्या डब्यातलं अर्धं सँडविच माझ्याकडे सरकवलं. नंतर सांगितलं त्याला.

म्हणून फणसाचं बोलायचंय. आई म्हणाली, पुढच्या आठवड्यात माणूस येणार, दीड हजारात पाडून देतो म्हणतोय, आणि गोठ्यावर पडू नये म्हणून तुम्ही, काका आणि शेजारचा भाऊ दोर धरणार. नका धरू. ऐकून घ्या का ते. तो फणस निसर्ग वादळापासूनच झुकलाय, शेंडा वाळलाय, बुंधा खालून पोकळ आहे, तुम्हीच काठीने ठोकून आवाज ऐकवला होतात. पोकळ बुंध्यात बिजागरी उरतच नाही, म्हणजे तो वळून कुठे जाईल हे कुणीच सांगू शकत नाही. जिकडे झुकलाय त्याच्या उलट ओढायला तीन म्हातारे (सॉरी) पुरणार नाहीत, आणि दोर धरून उभे राहणार ते झाडाच्या उंचीच्या आतच. शिवाय पाचर ठोकताना धक्क्याने वरची वाळकी फांदी आधी येते, झाड नंतर. कुणाला वर चढवायचा विचारही करू नका.

मी येऊन पाडेन असंही म्हणत नाहीये. आमच्यासारख्या नवशिक्यांनी कुजलेल्या आणि झुकलेल्या झाडाला हात लावायचाच नाही असं बजावून सांगितलंय, आणि माझ्या वाकड्या बिजागरीची हकीकत तुम्ही वाचलीतच.

हायड्रा (क्रेन) आपल्या पाखाडीतून येणार नाही हे माहितेय. मग असं करा. गाय आणि वासरू काकांच्या गोठ्यात न्या. पेंढा, दावणी, पत्रे, चांगले वासे काढून ठेवा, दोन दिवसांचं काम आहे. आणि झाडाला त्याच्या कलानेच पडू द्या, गोठ्यावर. गोठा आपल्या आजोबांनी बांधलाय, त्या चिऱ्यांवर तुमचा जीव आहे, मला कळतं. पण गोठा परत बांधता येतो, पत्र्यांचे पैसे मी पाठवते. मोडला तर मोडू दे. कापणारा एकटाच झाडापाशी, तो सुद्धा बूट घालून आणि मागची वाट साफ करून, बाकी सगळे विहिरीच्या पलीकडे. झाड साधारण चाळीस फूट आहे, म्हणजे दुप्पट, ऐंशी फूट लांब, पावलं टाकून मोजा. आणि हो, फणसाला तोडायची परवानगी लागते, ती काढलीय ना? नसेल तर बरंच आहे, तेवढे दिवस मिळतील.

अरे हो, तुमच्या आजोबांचा वद्य पक्षातच लाकूड तोडायचा नियम मी इथे सांगितला, तर आमचे शिकवणारे आजोबा एकदम खूश, इथले जुने लोक पण चंद्र बघून लाकूड तोडायचे म्हणे. त्यांचा स्वतःचा विश्वास नाही, पण त्यांच्या वडिलांचा होता.

लाकडं मात्र भरपूर आणली आम्ही. तिघांनी मिळून एक भिंत रचलीय घराच्या मागे. यंदाची नाही जाळायची, दोन वर्षं सुकायला लागतात, म्हणजे हा हिवाळा स्वेटरवरच. आई, तू हसत असशील.

रविवारी सकाळी फोन करते. बाबा, "बघू" म्हणू नका, हो किंवा नाही सांगा.

तुमची,
ठमी

ता. क. माळ्यावर दोन माणसांनी ओढायची ती मोठी करवत आहे ना, आपल्या आजोबांची, ती भंगारात देऊ नका. इथे भिंतीवर तशीच टांगलेली बघितली. दात कसे लावलेत त्याचा एक जवळून फोटो पाठवा, लांब्याला दाखवायचाय.