‘वरदान’ छापण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘वारंवार गर्भपात? इम्युनोथेरपीचे वरदान’ हा लेख, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती औषधांनी आवरून गर्भ टिकवण्याबद्दलचा, वाचला. सोमवारी पुन्हा वाचला, कारण रविवारी वाचून डोके तापले होते आणि वाटले, आपलाच काही गैरसमज झाला असेल. झाला नव्हता. लेखाच्या तळाशी लेखातल्या डॉक्टरांच्याच केंद्राचा फोन नंबर आणि शेजारच्या पानावर त्याच केंद्राची अर्धपान जाहिरात. जाहिरात लेखाला चिकटून आली की लेख जाहिरातीला, एवढे कळवलेत तर आभारी होईन. यशाचे टक्केही दिले आहेत. ते इथे उतरवून तुमच्या चुकीत मी भर घालत नाही.

असाच एक लेख तीन वर्षांपूर्वी तुमच्याकडेच आला होता. डॉक्टर वेगळे, फोटोतली हाताची घडी तीच. तो मी कापून कालनिर्णयाच्या मागे टाचून ठेवला. माझ्या सुनेचे तेव्हा दोनदा झाले होते, एकदा सातव्या आठवड्यात, एकदा नवव्या. तिने काही मागितले नव्हते. कात्रण तिच्या हातात मी दिले. तेव्हा दोष द्यायचा तर पहिला माझा, दुसरा तुमचा.

कात्रणातल्या डॉक्टरांकडे जायला पहाटे साडेपाचला डिचोलीहून निघायचे. साखळी, केरी, मग चोर्ल्याचा घाट. पावसाळ्यात तिथे पुढच्या ट्रकचा लाल दिवा तेवढा दिसतो. मागच्या सीटवर सूनबाई डोळे मिटून, मांडीवर प्लास्टिकची पिशवी, कारण वळणांवर तिला उलटी येते. पहिल्याच भेटीत चौदा चाचण्या. त्यातली एनके (नॅचरल किलर) सेल नावाची मुंबईला जाते. रिपोर्ट आल्यावर डॉक्टर तिच्याकडे बघून म्हणाले, ‘मारेकरी पेशी वाढल्यात. तुमचं शरीरच बाळाला परकं समजून मारतंय.’ परतताना केरीपर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘आई, म्हणजे मीच मारलं?’

त्या पेशींना ‘नॅचरल किलर’ हे नाव ज्याने दिले, त्याला काय माहीत होते म्हणा. मागाहून मला कळले की गर्भाशयातल्या या पेशी निराळ्या असतात. वार (प्लासेंटा) रुजताना तिथल्या रक्तवाहिन्या रुंद व्हायला त्या मदतच करतात. आणि दंडातून काढलेल्या रक्तात त्या किती आहेत यावरून गर्भाशयात काय चालले आहे ते सांगता येत नाही. म्हणजे चाचणी एका घरची आणि निकाल शेजारच्या घरचा.

मग उपचार. स्टेरॉइडच्या छोट्या पांढऱ्या गोळ्या, दिवस राहण्याच्या आधीपासूनच. दिवस राहिल्यावर पोटात हेपॅरिनची, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी, सुई रोज एक, त्याचे निळे डाग. शिवाय दुधासारखे पांढरे सलाईन, तीन तास. त्याला इंट्रालिपिड म्हणतात. मला वाटले, काही दुर्मीळ औषध असेल. सोयाबीनचे तेल, अंड्यातले फॉस्फोलिपिड आणि ग्लिसरीन! ज्या रोग्याला तोंडाने खाता येत नाही त्याला शिरेतून अन्न म्हणून देतात ते. माझी सून त्या वेळी दोन वेळा व्यवस्थित जेवत होती.

स्टेरॉइडने तिची झोप गेली. पहाटे तीनला उठून स्वयंपाकघरातले डबे पुसत बसायची. साखर वाढली, तिची वेगळी गोळी. चेहरा गोल गरगरीत झाला. चवथीला (गणेशचतुर्थीला) आलेली माझी थोरली नणंद गणपतीवरच्या माटोळीखाली उभी राहून सगळ्यांसमोर म्हणाली, ‘बाय आतां बरी भरल्या गो!’ सूनबाई हसली आणि नेवऱ्यांचे ताट घेऊन आत गेली. सातवा आठवडा चालू होता, घरात आम्हां तिघांपलीकडे कोणाला ठाऊक नव्हते.

पितृपक्षात सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत. शेजारणींना कारण तयारच मिळाले.

घाटापलीकडच्या डॉक्टरांचे उत्तर: पुढच्या वेळी डोस वाढवू, शिवाय नवऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढून हिच्या हातात टोचू. पडलेल्या गर्भाची गुणसूत्रे तपासून घ्या, असे मात्र तिन्ही वेळा एकानेही सुचवले नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत गळणाऱ्या गर्भांपैकी निम्म्यांच्या आसपास गुणसूत्रांतच चूक असते. तिथे स्टेरॉइड काय करणार?

माझी एक जुनी विद्यार्थिनी आता स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. नरकचतुर्दशीला फोव (पोहे) खायला घरी आली. सोप्यावर बसून तिने सगळी फाइल चाळली, बिस्किटांच्या डब्यातल्या पावत्यांसकट. जे सांगितले ते मी वहीत उतरवून घेतले, मास्तरणीची सवय. ते तुमच्या वाचकांसाठी देते, कारण ‘वरदान’ लेखात त्यातले एकही वाक्य नाही.

कॅनडात टोरांटोला २०२ बायकांवर अभ्यास झाला, १९९७ साली छापून आला. वारंवार गर्भ गेलेल्या आणि रक्तात स्वतःविरुद्धच्या अँटिबॉडी सापडलेल्या बायका. अर्ध्यांना स्टेरॉइड आणि अ‍ॅस्पिरिन, अर्ध्यांना नुसती दिसायला तशी गोळी. पहिल्या गटात ६५ टक्के जणींना बाळ झाले, दुसऱ्यात ५६. हा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो एवढाच. पण मुदतीआधी जन्मलेली बाळे पहिल्या गटात ६२ टक्के, दुसऱ्यात १२. हल्ली गोळ्या बहुधा सुरुवातीच्या आठवड्यांपुरत्या देतात हे मान्य. पण त्याने फायदा होतो हे तरी कोणी पक्के दाखवले आहे? युरोपातल्या वंध्यत्व-तज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ च्या सूचनांत कारण न सापडलेल्या बायकांना स्टेरॉइड देऊ नका असेच म्हटले आहे. नवऱ्याच्या पेशी टोचण्याची गोष्ट तर त्याहून जुनी. १९९९ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात टोचून घेतलेल्यांना उलट कमी यश आले, आणि २००२ मध्ये तिथल्या औषध खात्याने संशोधनाबाहेर ते बंद केले. तुमच्या लेखात त्याच्यामागे ‘अत्याधुनिक’ असे विशेषण आहे.

तरीही ‘आमच्याकडे एवढ्या जणींची ओटी भरली’ असे केंद्रे सांगतात, आणि ते खोटे नसते. गोम तिथेच आहे. मी चौतीस वर्षे विज्ञान शिकवले. आठवीच्या पोरांना दोन कुंड्या आणायला लावायचे. माती तीच, बी तेच, पाणी तेवढेच, खत एकीतच. दुसरी कुंडी नसेल तर रोप उगवल्याचे श्रेय खताला देता येत नाही, हे पेडण्याहून बस बदलून येणाऱ्या पोरालाही कळायचे. ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या ८३६ बायकांवरचा अभ्यास २०१५ मध्ये आला. कारण न सापडता वारंवार गर्भ गेलेल्याच सगळ्या. एकीला प्रोजेस्टेरॉन (गर्भारपणात लागणारे संप्रेरक), दुसरीला बिनऔषधाची तशीच गोळी. प्रोजेस्टेरॉनवाल्यांपैकी ६५.८ टक्के जणींना बाळ झाले, बिनऔषधवाल्यांपैकी ६३.३. म्हणजे औषध नावाचे काही पोटात न जाता शंभरांतल्या त्रेसष्ट जणींची ओटी भरली. आता त्याच त्रेसष्ट जणींना कोणी पांढरे सलाईन लावले असते, तर तुमच्या पुरवणीत त्रेसष्ट फोटो आले असते.

मी औषधांच्या विरुद्ध नाही, तसे पत्र समजून कोणी मला काढे पाठवू नयेत. प्रोजेस्टेरॉनचेच घ्या: आधी गर्भ गेलेल्या आणि या खेपेला सुरुवातीलाच रक्त दिसू लागलेल्या बायकांना त्याचा थोडा उपयोग होतो असे पुढे २०१९ च्या मोठ्या अभ्यासात दिसले आणि ब्रिटनने ते २०२१ मध्ये स्वीकारलेही. अँटिफॉस्फोलिपिड नावाचा, रक्तात गुठळ्या करणारा विकार असेल तर अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिन हे ठरलेले उपचार आहेत. पण तो विकार आहे म्हणायला चाचणी दोनदा करावी लागते, मध्ये बारा आठवडे सोडून, कारण साध्या तापानंतरही आकडा तात्पुरता वर जातो. आमच्या फाइलीत ती एकदाच केलेली. आकडा जरा वर, की सुई सुरू. दुसऱ्यांदा माझ्या विद्यार्थिनीने करवून घेतली. नॉर्मल.

चौदा चाचण्यांत जी दोनदा करायची ती एकदा, आणि ज्यांचा उपयोग नाही त्या मुंबईला. टॉर्च टेस्टचे (गर्भाला बाधणाऱ्या संसर्गांच्या रक्तचाचणीचे) तर बोलूच नये. तीही तीनदा झाली होती.

आणखी एक, विषय निघालाच आहे म्हणून. तुमच्या लेखात ‘गर्भपात’ हा शब्द मी मोजला, सतरा वेळा. सून वेर्ण्याला एका कंपनीत आहे. तिसऱ्या वेळी रजेचा अर्ज द्यायला गेली तर टेबलापलीकडच्या माणसाने विचारले, ‘केला की झाला?’ त्याचा स्वभाव वाईट असेल असे मला वाटत नाही. एकच शब्द दोन्हींना वापरल्यावर तो तरी काय विचारणार! आयुर्वेदात चौथ्या महिन्यापर्यंत गर्भस्राव आणि त्यापुढे गर्भपात असा स्पष्ट भेद आहे. आमच्या आज्या ‘पोट पडले’ म्हणायच्या, आणि त्यांना कोणी उलट विचारत नसे. तुम्हांला यातला एकही शब्द चालत नाही का? रजा तिला तीन दिवसांची मिळाली, किरकोळ रजेतून. मातृत्व लाभ कायदा १९६१ चा आणि गर्भ गेल्यावर सहा आठवड्यांची पगारी रजा त्यात लिहिलेली होती, आता ती सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. कायदा होऊन साठ वर्षे उलटली, आमच्या घरात तो कोणाला ठाऊक नव्हता, कंपनीला असेल तर तिने सांगितला नाही. पुरवणीत अर्धे पान यावर दिलेत तर ते मी कापून कालनिर्णयाच्या मागे लावीन.

गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) मोफत आयव्हीएफ सुरू झाले, चांगले झाले. पण ज्यांना दिवस राहतात आणि टिकत नाहीत त्यांच्यासाठी आठवड्यातली एक दुपार राखून ठेवावी असे मला वाटते. दर वेळी तोच डॉक्टर, सहाव्या-सातव्या आठवड्यापासून सोनोग्राफी, शंका आली तर फोन उचलणारे कोणी. माझी विद्यार्थिनी आमच्यासाठी हे फुकट करते. तेवढ्याने सूनबाई रात्रीची झोपू लागली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

हे पत्र पाठवण्याआधी तिला वाचायला दिले. तिने दोन ओळी खोडल्या. सध्या तिचे काय चालले आहे ते लिहायचे नाही, ही तिची अट आहे आणि मी ती पाळते. पत्र छापलेत तर माझे नाव घालू नये. गाव घातले तरी चालेल, डिचोलीत निवृत्त मास्तरणींना तोटा नाही.

सोबत तीन वर्षांपूर्वीचे ते कात्रण जोडले आहे. परत पाठवू नये.

आपली,
एक वाचक, डिचोली