क्लासिकला काय लावायचं आणि कसं

पुणे,
पावसाळ्याच्या तोंडावर

प्रिय मंदार,

नाना पेठेतल्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानांत एक चक्कर मारून आलास आणि आता तुझ्या रॉयल एनफिल्ड क्लासिकचे हँडल, आरसे, लाइट, सायलेन्सर सगळंच बदलायचं मनात आहे, असं लिहिलंस. जरूर बदल, पण एक अट पाळ. गाडीचं मूळचं काही कापायचं नाही, त्याला भोक पाडायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही आणि कंपनीच्या वायरचं प्लास्टिक सोलायचं नाही. जे काढशील ते एका दुपारी परत जसंच्या तसं बसलं पाहिजे. या अटीत इतकं काही बसतं की गाडी पूर्ण तुझ्या अंगाची होईल.

आधी तीन गोष्टी बाजूला काढतो. सायलेन्सर कंपनीचाच ठेव. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने नोंदवलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करू देत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. त्यात तुझ्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहेत, नुसता आवाज बदलून भागत नाही. दुसरं, साडी गार्ड. गाडी सडपातळ दिसावी म्हणून पोरं पहिल्यांदा तेच काढतात. पण मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे लागतंच, आणि मागे बसलेल्या माणसाची ओढणी चाकात गेली तर काय होतं ते सांगायला नको. तिसरं, मागची नंबर प्लेट वर सरकवणारं ब्रॅकेट. ते बोल्टवर बसतं हे खरं, पण एचएसआरपी (सरकारमान्य हाय सिक्युरिटी) प्लेट ज्या स्नॅप लॉकने बसवलेली असते ते लॉक तोडल्याशिवाय निघत नाही. म्हणजे हा बदल उलटवता येणारा राहिलाच नाही.

काही विकत घेण्याआधी जे फुकट आहे ते कर. मागच्या शॉकॲब्सॉर्बरला प्रीलोडचे, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची त्याचे, ६ टप्पे आहेत. दोघं बसून सामान लावणार असशील तर दोन्ही बाजू सारख्याच टप्प्यावर चढव. हँडलचा कोन आणि क्लच-ब्रेकचे लिव्हर असे फिरव की बसल्यावर मनगट आणि कोपर एका सरळ रेषेत येतील. पाठ-मनगट दुखण्याच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

तरी हँडल बदलायचंच असेल तर क्लँपमधला व्यास व्हर्नियरने मोजूनच दुकानात जा. बाजारात २२, २५.४ आणि २८.६ मिलिमीटर अशी मापं मिळतात, डोळ्यांनी अंदाज चुकतो. टाकीवर जुनी गोधडी टाक, नाहीतर हँडल सुटल्यावर पहिला ओरखडा तिथेच. स्विचच्या डबीत आतून एक छोटी खुंटी असते, ती हँडलच्या भोकात अडकते. नव्या हँडलला भोक नसेल तर भोक नव्या हँडललाच पाडायचं. खुंटी घासून टाकू नकोस, ती कंपनीची आहे आणि ती गेली की स्विच हँडलवर फिरायला लागतो. ब्रेक ऑइलची डबी सरळ उभी ठेवून बाजूला बांध. तिरकी लोंबकळली तर हवा आत शिरते, आणि सांडलेलं ब्रेक ऑइल रंग खातं.

नवं हँडल बसलं की मेन स्टँडवर गाडी चालू ठेव आणि हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरव. फिरवताना रेस वाढली तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जातेय. अशी गाडी रस्त्यावर नेऊ नकोस. वळणावर ती आपोआप रेस घेते. पुढचं चाक उचलून, फोर्क पूर्ण लांब झालेला असताना ब्रेकचा पाइप ढिला आहे ना तेही बघ. क्लचला थोडा मोकळा खेळ उरलाच पाहिजे. यातलं एक जरी जमलं नाही तर हँडल कमी उंचीचं घे. केबल आणि पाइप बदलण्याच्या फंदात पडलास की काम भलतंच वाढतं.

आता बोल्ट, कारण बिघडतं ते इथेच. मूळ बोल्टखाली ३ मिलिमीटरची पट्टी आणि दीड मिलिमीटरचा वायसर आला तर नवा बोल्ट साधारण ५ मिलिमीटरने लांब हवा. मूळचाच वापरलास तर आटे कमी पकडतात आणि ॲल्युमिनियममधले आटे मरतात. फार लांब घेतलास आणि भोक आरपार नसेल तर तो तळाला टेकतो. पाना घट्ट लागतो, पण पट्टी ढिलीच असते. काळा किंवा जस्ताचा मुलामा दिलेला ८.८ ग्रेडचा (हा मजबुतीचा आकडा) बोल्ट घे. स्टेनलेस दिसायला छान, पण ॲल्युमिनियमच्या आट्यात पावसाचं पाणी गेलं की तो जाम होतो. लावायचाच तर अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) लावून, आणि मग टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, थोडा कमी ठेव. ८.८चा एम६ (६ मिलिमीटर व्यासाचा) बोल्ट साधारण १० न्यूटन मीटर, एम८ साधारण २५. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा. थ्रेडलॉकर (बोल्ट आपोआप सुटू न देणारा गोंद) निळा, एक थेंब पुरतो. लाल नको, तो तापवल्याशिवाय सुटत नाही. आणि प्लास्टिकच्या जवळ कुठलाच नको, त्याने प्लास्टिकला तडे जातात.

आता जादा लाइटचं सांगतो. २० वॉटचे दोन दिवे म्हणजे १२ व्होल्टला जेमतेम साडेतीन अँपिअर, तरी रिले (छोट्या करंटवर चालणारा स्विच) लाव. रिलेच्या टोकांवर नंबर असतात. ३० नंबरला बॅटरीच्या प्लसवरून वायर, त्यात ५ अँपिअरचा फ्यूज, तोही बॅटरीपासून वीतभर अंतरात. फ्यूज लांब ठेवलास तर मधली वायर उघड्यावर असल्यासारखीच. ८७वरून दिव्याला, ८५ बॅटरीच्या मायनसला, ८६ला स्विचमधून पार्किंग लाइटचा करंट, म्हणजे चावी बंद केली की दिवे बंद. हा करंट घेताना वायर सोलू नकोस. त्याच मापाचे नर-मादी कपलर आणून मध्ये बसेल असा टी-तुकडा बनव. काढला की मूळ जोड पुन्हा जुळतो. १ चौरस मिलिमीटरची वायर पुरते. हँडलच्या मानेपाशी वायर सैल सोड, तिथे केबल टाय आवळला की काही महिन्यांत आतली तार तुटते. दिव्यांचं तोंड खाली ठेव आणि शहरात बंद ठेव. समोरच्याच्या डोळ्यांत जाणाऱ्या लाइटवर कारवाई होते आणि ती योग्यच आहे. ताम्हिणीच्या धुक्यात प्रकाश खाली आणि रुंद पडणं महत्त्वाचं, पिवळा की पांढरा हे नंतर.

क्रॅश गार्ड बसवताना सगळे बोल्ट आधी हाताने चार-चार आटे लाव, मगच पाना घे. भोकं जुळत नसतील तर गार्ड परत कर. ओढूनताणून बसवलेला गार्ड फ्रेमला सतत ताणत राहतो. इंजिनचा बोल्ट काढावा लागला तर खाली लाकडी फळी ठेवून जॅकचा आधार दे आणि एका वेळी एकच बोल्ट काढ.

बसवल्यावर प्रत्येक बोल्टवर नेलपॉलिशची एक रेघ ओढ, डोक्यापासून पट्टीपर्यंत. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला. साधारण १०० किलोमीटरनंतर सगळे पुन्हा तपास. काढलेला प्रत्येक भाग पुसून, तेलाचा हात देऊन, त्याच्याच बोल्टांसह पिशवीत घाल आणि वर कुठला ते लिही. काढण्याआधी फोटो घेतलेले असतीलच.

साइड बॅगच्या स्टेचं, म्हणजे बॅग अडकवायच्या पट्टीचं, मी मुद्दाम लिहिलं नाही. बॅग कोणती घेणार, आणि सायलेन्सर व मागचा इंडिकेटर यांच्यापासून ती किती सेंटिमीटर लांब राहते, ते मोजून कळव. त्यावरून पट्टीची लांबी सांगतो.

तुझा,
अभय