'ला' वाचकांनी बंद पाडलं नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातलं आयरिश दैनिकांवरचं स्फुट वाचलं आणि फार वाईट वाटलं. 'अठरा लाख लोक आयरिश येते म्हणून सांगतात, पण त्यांना एक दैनिक जगवता आलं नाही', असा आपल्या लेखकाचा निष्कर्ष आहे. ते दैनिक म्हणजे 'ला'. मी बेल्फास्टला परिचारिका होते तेव्हा ते विकत घेत होते, म्हणून लिहिते आहे.

आपल्या लेखकानं लिहिलं आहे तसं 'ला' डब्लिनचं नव्हे, बेल्फास्टचं. अठरा लाखांचा आकडा २०२२ च्या आयर्लंड प्रजासत्ताकाच्या जनगणनेतला आहे. बेल्फास्ट उत्तर आयर्लंडमध्ये येतं, ते ब्रिटनच्या अमलाखाली आहे आणि तिथली जनगणना वेगळी होते. ज्यांच्या जिवावर हे दैनिक उभं राहिलं, ते पश्चिम बेल्फास्टचे लोक त्या आकड्यात नाहीतच. शॉज रोडवर या मंडळींनी स्वतःची घरं बांधली आणि १९७१ मध्ये मुलांसाठी आयरिश माध्यमाची शाळा काढली. त्या शाळेला सरकारी पैसा मिळायला १९८४ उजाडलं. 'ला' निघालं तेही १९८४ मध्येच. मधली काही वर्षं ते साप्ताहिक झालं, २००३ मध्ये पुन्हा दैनिक झालं आणि २००८ च्या डिसेंबरमध्ये बंद पडलं. अशा माणसांना आपण 'भाषेबद्दल नुसते गळे काढणारे' म्हणता?

माझी मुलगी तिथल्या आयरिश बालवाडीत जायची. शेजारणीच्या आग्रहानं घातली होती. नाताळच्या कार्यक्रमाचा फोटो 'ला'मध्ये येणार असं बाईंनी सांगितलं, म्हणून रात्रपाळी संपवून मी थेट कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. तिथं इंग्रजी पेपरांचे गठ्ठे दाराशीच, आणि 'ला' खाली, लॉटरीच्या फॉर्मांच्या मागे. अंक यायचे दोन, तेही संपलेले. माझ्या पुढे बालवाडीतल्याच दोघी आया तोच पेपर मागत होत्या. दुकानदार आम्हा तिघींच्या तोंडावर म्हणाला, 'हा कोण घेतंय?' जास्त अंक मागवा म्हणून मी त्याला नंतरही सांगत राहिले. 'खपत नाही' हे त्याचं उत्तर कधी बदललं नाही. शेवटी फॉल्स रोडवरच्या कुल्तूरलानमध्ये, म्हणजे आयरिश सांस्कृतिक केंद्रात, तिथल्या पुस्तकांच्या दुकानात अंक मिळाला. पण बस बदलून पेपर आणायला रोज कोण जाईल? वितरकाच्या वहीत त्या दुकानाच्या नावापुढे 'खप दोन' एवढंच लागलं असणार. परत पाठवलेल्या आम्हा तिघींची नोंद कुठल्या वहीत होती?

त्याच खपाकडे बोट दाखवून फोरस ना गेल्गे या आयरिश भाषेचं काम पाहणाऱ्या संस्थेनं अनुदान थांबवलं. हेही आपल्या लेखकानं 'आयरिश सरकारनं' असं लिहिलं आहे. ही संस्था १९९८ च्या शांतता करारातून, सीमेच्या दोन्ही बाजूंसाठी मिळून उभी राहिली. तिच्या पैशाला डब्लिन आणि बेल्फास्ट दोन्हीकडचा हात लागतो. साप्ताहिकांचंही फारसं वेगळं झालं नाही. 'फिन्शे' २००९ मध्ये थांबलं. त्यानंतर आलेलं 'गेलश्केल' २०१३ मध्ये गेलं. पण १९७२ पासूनचा आयरिश रेडिओ आणि १९९६ पासूनची आयरिश दूरचित्रवाणी सरकारी पैशावर चालते, त्यांना कुणी 'लोकांना नकोत' म्हणून बंद करत नाही. छापील पेपरालाच तेवढी खपाची अट का? आपली मराठी दैनिकं तरी केवळ अंकाच्या किमतीवर चालतात का? जाहिराती काढून घेतल्या तर महिनाभर तरी निघतील का?

शिवाय आपल्याकडच्या वाचकाशी तुलना करताना एक गोष्ट लेखकाच्या ध्यानात आलेली नाही. तिथं आयरिश वाचणाऱ्या प्रत्येकाला इंग्रजी येतं. जगाच्या बातम्या त्याला कुठल्याही पेपरात मिळतात. 'ला' घ्यायचं ते शाळांच्या बातम्यांसाठी, गेल्टाख्टमधल्या, म्हणजे आयरिशभाषक भागातल्या घडामोडींसाठी, भाषेच्या कायद्याचं कुठवर आलं हे कळण्यासाठी. ते गेल्यावर माझ्या शेजारणीला मुलाच्या शाळेची बातमी दुसऱ्याच्या तोंडून कळायला लागली. आणि लोकांना भाषा नकोच होती म्हणावं, तर त्याच पश्चिम बेल्फास्टमधून 'नीकॅप' आले. आयरिशमध्ये रॅप करतात, जगभर कार्यक्रम करतात. त्यातल्या एकाचे वडील गेरोड ओ कॅरलॉन हे 'ला'चे एक संस्थापक. २०२४ च्या डिसेंबरमध्ये ते वारले, तेव्हा आपल्या अंकात एक ओळही आली नव्हती. २०१४ पासून 'तूअरिश्क' हे संकेतस्थळ रोज आयरिशमध्ये बातम्या देतं, त्याचाही स्फुटात उल्लेख नाही. तेही त्याच फोरस ना गेल्गेच्या मदतीवर चालतं. फोनवर वाचायला कोपऱ्यावरच्या दुकानदाराची मर्जी लागत नाही, एवढाच फरक.

लिहायला बसलेच आहे, तर आणखी एक. दिवाळीपासून आपण आमच्या तालुक्याचं पान बंद केलं. विचारलं तर आपल्या प्रतिनिधींनी 'ताई, तिकडे खप नाही' म्हणून सांगितलं. इथल्या स्टँडवर आपला अंक साडेनऊला येतो. नोकरीवाले सातच्या गाडीनं निघून गेलेले असतात. पहाटेच्या पहिल्या गाडीनं गठ्ठा पाठवून बघा, आणि मग आकडे काढा. पान पुन्हा सुरू होणार की नाही, ते कळवावं. 'ला'बद्दलच्या दोन्ही चुकांची दुरुस्ती मात्र स्फुट जिथं छापलं, त्याच जागी छापावी.

आपली,
एक जुनी वर्गणीदार, गडहिंग्लज