बिनफीच्या विद्यापीठाचा हिशेब

माग्डेबुर्ग,
१८ जानेवारी २०२६

प्रिय संद्या,

जर्मनीत मास्टर्सला यायचं म्हणतोयस, तो तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. फोनवर बोलायला बसलो असतो तर निम्मा वेळ कॉलेजच्या आठवणींत गेला असता, आणि यातल्या गोष्टी तुला पुढचे सहा महिने काढून काढून बघाव्या लागणार आहेत. म्हणून सरळ लिहायलाच घेतलं. अण्णांनाही वाचून दाखव. शेवटी कर्जाच्या कागदावर सही त्यांची पडणार आहे.

आधी त्या कन्सल्टंटचं. बाहेर बोर्ड ‘जर्मनीत मोफत शिक्षण’, आणि आत गेल्यावर तुझ्या हातात तीन नावं दिली, तिन्ही बर्लिनमधली खासगी विद्यापीठं, वर्षाला बारा-तेरा लाख फी. तू विचारतोस, हे असं कसं? साधं आहे रे. इथली सरकारी विद्यापीठं कुणा एजंटाला पोरामागे पैसे देत नाहीत, बरीच खासगी देतात. मग तो तुला चेम्निट्झ किंवा झीगनचं सरकारी विद्यापीठ कशाला सांगेल? खासगी म्हणजे सगळं बोगस असंही नाही, बरीचशी सरकारमान्य आहेत. पण खासगीतच जायचं आणि कर्ज काढून फी भरायची तर जर्मनीच का, हा प्रश्न मग मोकळेपणाने विचार. आयर्लंड आहे, इंग्लंड आहे, तिथे निदान गल्लीतली भाषा तरी तुला येते.

आता फीचं. सरकारी विद्यापीठात फी नाही हे बहुतांशी खरं आहे, पण ते काही दगडावरची रेघ नाही. २००५ सालच्या घटना न्यायालयाच्या निकालानंतर इथल्या बऱ्याच राज्यांनी सेमिस्टरला ५०० युरोपर्यंत फी लावली होती. पोरं रस्त्यावर उतरली, सरकारं बदलली आणि २०१४ पर्यंत एकेका राज्याने ती काढून टाकली. शिक्षण हा राज्यांचा विषय आहे, त्यामुळे प्रत्येकाचं वेगळं. बाडेन-वुर्टेम्बर्गने २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो लावले. म्हणजे स्टुटगार्ट, कार्ल्सरुह, हायडेलबर्ग, फ्रायबुर्ग हे सगळं त्यात आलं. बव्हेरियात विद्यापीठांना स्वतः ठरवायची मुभा मिळाली आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सेमिस्टरमागे ४,००० ते ६,००० युरो घ्यायला सुरुवात केली. तुझ्या यादीत पहिलं नाव तेच आहे. नॉर्वेचं बघ, तिथे २०२३ पर्यंत आपल्यालाही फी नव्हती, आता आहे. त्यामुळे कुणाच्या चार वर्षांपूर्वीच्या अनुभवावर जाऊ नकोस. ज्या वर्षी अर्ज करतोस त्या वर्षीचं विद्यापीठाचं स्वतःचं पान वाच.

स्टुटगार्टवर मात्र मी सरसकट काट मारणार नाही. तू चार वर्षं चाकणला गाड्यांच्या पार्टच्या क्वालिटीत काढलीस, आणि मर्सिडीज, पोर्शे, बॉश सगळे त्या एका गावाभोवती आहेत. सेमिस्टरला दीड लाखाच्या वर जातील, पण ते कशासाठी जातायत हे तरी कळतं. म्युनिकच्या फीबद्दल मला तसं म्हणवत नाही.

फी शून्य असली तरी पैसे दाखवावे लागतात, आणि अण्णांचा गोंधळ इथेच झालेला दिसतोय. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये सध्या वर्षाचे ११,९०४ युरो भरायचे असतात. युरो शंभरच्या वर गेलाय, तेव्हा साडेबारा लाखांच्या आसपास धर. ही फी नव्हे. पैसे तुझेच. इथे आल्यावर दर महिन्याला ९९२ युरो तुझ्या खात्यात सुटतात, त्यात तू जगायचं. आणि इथेच शहर कोणतं हा प्रश्न विद्यापीठापेक्षा मोठा होतो. मला इथे हॉस्टेलची खोली पावणेतीनशे युरोत मिळाली. आरोग्य विमा दीडशेच्या आसपास, किराणा आपण घरी शिजवतो म्हणून दोनशेच्या आत, वर फोन आणि किरकोळ. महिनाअखेरीला काहीतरी उरतं. म्युनिकमध्ये नुसत्या खोलीचेच सातशे-आठशे सहज जातात, म्हणजे ९९२ मध्ये विमा भरून तू भातावर दिवस काढणार. सेमिस्टरची वर्गणी म्हणून शंभर ते चारशे युरो सगळीकडेच भरावे लागतात, पण बहुतेक ठिकाणी त्यातच बस-ट्रामचा पास येतो, ते वसूल होतात.

विम्यात तुझ्यासाठी एक मेख आहे. सरकारी विम्याचा विद्यार्थी दर वयाची तिशी पूर्ण होईपर्यंतच. नंतर हप्ता बराच वाढतो. तू जूनमध्ये अठ्ठावीसचा होशील. कागदावर मास्टर्स दोन वर्षांचं असलं तरी थीसिस आणि इंटर्नशिप धरून अडीच-तीन वर्षं लागणारे इथे ढीगभर आहेत. शेवटच्या वर्षाचं बजेट थोडं फुगवून ठेव.

बर्लिनचं भूत डोक्यातून काढ. मीही आधी याच गावाला तोंड वाकडं केलं असतं, कारण आपल्याकडे माग्डेबुर्ग म्हटलं तर फार तर शाळेतल्या पुस्तकातले ते दोन तांब्याचे अर्धगोल आठवतात, ज्यांतली हवा काढून घेतल्यावर घोड्यांनाही ते ओढून वेगळे करता येईनात. तो प्रयोग करणारा ओटो फॉन गेरिके इथला महापौर, विद्यापीठाला नावही त्याचंच. गाव लहान, एल्ब नदीकाठचं, आणि केमिकल अँड एनर्जी इंजिनिअरिंगचा कोर्स पूर्ण इंग्रजीत. शिवाय सीनिअर बॅचला इतकी भारतीय पोरं, की प्रेशर कुकरची रिंगसुद्धा कुणाकडे तरी मिळते. पण गाव कशावरून निवडायचं नाही तेही ऐक. २०२२ साली इंटेलने इथे चिप कारखाना काढणार म्हणून जाहीर केलं. कारखान्याच्या भरवशावर इथे आलेली पोरं मला माहीत आहेत. जुलै २०२५ मध्ये इंटेलने तो प्रकल्पच गुंडाळला. पोरं अजून इथेच आहेत आणि लाइपझिग-बर्लिनला अर्ज टाकतायत.

आता ज्या गोष्टीवर तुझं सगळं अडणार आहे ती. तुला डेटा सायन्स करायचंय म्हणालास. का, तर सगळे करतायत. इथे तसं चालत नाही बाबा. मास्टर्सला घेताना हे लोक नुसती टक्केवारी बघत नाहीत. तुझ्या बीईच्या विषयांची त्यांच्या बॅचलरशी तुलना करतात, गणिताचे इतके क्रेडिट, प्रोग्रॅमिंगचे इतके, थर्मोचे इतके. मेकॅनिकलवाल्याने शुद्ध कॉम्प्युटरच्या कोर्सला अर्ज केला की बहुतेक वेळा दोन ओळींत नकार येतो, मार्क कितीही असोत. म्हणून प्रत्येक कोर्सचं मॉड्यूल हँडबुक, म्हणजे विषय आणि क्रेडिटची पुस्तिका, उतरवून घे आणि प्रवेशाचे नियम वाच. कंटाळवाणं काम आहे, शंभर-शंभर पानं असतात, पण एजंट तुझ्याकडून पैसे घेऊनही हे करणार नाही. चेम्निट्झला ॲडव्हान्स्ड मॅन्युफॅक्चरिंग नावाचा इंग्रजी कोर्स आहे, तो आधी बघ. तू चार वर्षं सीएमएमच्या मोजणी यंत्रावर पार्ट मोजलेस, पीपॅपच्या, म्हणजे पार्ट मंजुरीच्या, फाइली केल्यास, गिऱ्हाइकाच्या शिव्या खाऊन तक्रारींचे एट-डी रिपोर्ट भरलेस. हे मोटिव्हेशन लेटरमध्ये लिहिलंस तर वाचणाऱ्याला कळेल की पोराला काम माहीत आहे. ‘लहानपणापासून मला यंत्रांची आवड’ असलं काही लिहू नकोस, हात जोडतो.

कोर्स शोधायला डीएएडीची, म्हणजे जर्मन विद्यापीठांच्या देवाणघेवाण संस्थेची, यादी वापर. त्यात ‘फक्त इंग्रजी’ असा फिल्टर लाव. ‘जर्मन/इंग्रजी’ असं दिसलं की सावध राहा, पहिलं सेमिस्टर इंग्रजीत जातं आणि चांगले ऐच्छिक विषय नेमके जर्मनमध्ये निघतात.

मार्कांचं गणित इथे उलटं चालतं, १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास. तुझा सीजीपीए ७.६. त्यांचं सूत्र असं: दहातून तुझे ७.६ वजा कर, त्याला दहा वजा किमान पासिंगने भाग, तीनने गुण आणि एक मिळव. पासिंग ४ धरलं तर २.२ येतं, ५ धरलं तर २.४४. बऱ्याच कोर्सची अट २.५ ची असते, म्हणजे तू दोन्हीकडे बसतोस, पण जिथे चुरस आहे तिथे हा फरक भारी पडतो. म्हणून किमान पासिंग किती आहे ते विद्यापीठाच्या कागदावर छापून घे, मार्कशीटच्या मागे असेल तर त्या बाजूचाही स्कॅन काढ. आपल्याकडे मागची बाजू स्कॅन करायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही.

आणखी एक नियम, जो मला तिकडे कुणीही सांगितला नव्हता. एकाच विषयाच्या परीक्षेत साधारण तीनदा नापास झालास की नाव कटतं, आणि मग तोच कोर्स जर्मनीत दुसऱ्या विद्यापीठातही करता येत नाही. एटीकेटी घेऊन पुढे सरकायची आपली सवय इथे घात करते. ओळखीतला एक मुलगा असाच परत गेला, हुशार होता, रात्री गोदामात काम आणि सकाळी पेपर असं चालवलं त्याने. कामाची परवानगी वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस आहे, किमान वेतन जानेवारी २०२६ पासून तासाला १३.९० युरो झालंय. मोह होतो. पण पहिलं सेमिस्टर काम करून कर्ज फेडायचं अण्णांना कबूल करू नकोस. जमलं तर प्राध्यापकांच्या हाताखाली ‘हिवी’, म्हणजे विद्यार्थी-सहायक, म्हणून काम मिळव, तास कमी असतात पण परीक्षेच्या दिवसांत ते समजून घेतात.

भाषेचं तू टाळतोयस हे मला कळतंय. ‘कोर्स इंग्रजीत आहे ना, मग जर्मन कशाला?’ कोर्स इंग्रजीत आहे, गाव नाही. आमच्या लॅबचंच बघ. लेक्चर इंग्रजी, मॅन्युअल इंग्रजी, पण गॅसचा व्हॉल्व्ह ज्याच्या ताब्यात तो टेक्निशियन फक्त जर्मन बोलतो, आणि तो खूश नसेल तर तुझी रीडिंग्ज पुढच्या आठवड्यावर जातात. परदेशी नागरिकांच्या ऑफिसातून येणारी पत्रं जर्मन, घरमालकाचं करारपत्र जर्मन. डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, पण गाड्यांच्या छोट्या-मध्यम कंपन्यांत मुलाखत जर्मनमध्येच होते. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, शनिवार-रविवारची बॅच मिळते का बघ. निघायच्या आधी जर्मनची ए-टू पातळी झाली तर तुझे इथले पहिले सहा महिने निम्म्या त्रासात निघतील.

क्रम असा ठेव. सगळ्यात आधी एपीएस. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीयांना हे प्रमाणपत्र सक्तीचं आहे, १८,००० रुपये लागतात, आणि तुझ्या डिग्रीची खातरजमा व्हायला किती वेळ लागेल ते आपल्या परीक्षा विभागावर अवलंबून. त्यांचा कारभार तुला माहीतच आहे. आयएल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा त्याच्या बरोबरीने, ६.५ आलं तर बहुतेक दारं उघडतात. मग अर्ज. बरीच विद्यापीठं ते युनि-असिस्ट या सामायिक अर्ज केंद्रामार्फत घेतात, पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सेमिस्टरच्या पुढच्या प्रत्येकाला ३०. म्हणजे आठ अर्ज २८५ युरोत होतात, आणि त्या कन्सल्टंटने मागितलेल्या ‘प्रोसेसिंग फी’पुढे ही चिल्लर आहे. हिवाळी सत्राची मुदत कागदावर १५ जुलै दिसली तरी परदेशी विद्यार्थ्यांसाठी ती बऱ्याच ठिकाणी मेमध्येच संपते. प्रवेशपत्र हातात पडलं त्याच दिवशी हॉस्टेलसाठी अर्ज कर, व्हिसाची वाट बघत बसू नकोस, वेटिंग लिस्ट मोठी असते. आणि खोली न बघता कुणालाही डिपॉझिट पाठवू नकोस. बघायला मला पाठव, मी जाऊन येतो. चेम्निट्झ इथून काही फार लांब नाही.

नोकरी इतक्यात सोडू नकोस. साहेबाला तर अजिबात सांगू नकोस, व्हिसाचा शिक्का बसेपर्यंत.

मार्कशीट, दोन्ही बाजूंनी, आणि सिलॅबसची पीडीएफ मला रविवारपर्यंत पाठव. मी तीन-चार कोर्सच्या क्रेडिटशी ताडून बघतो, मग आपण यादी पक्की करू. काकूंना आणि अण्णांना नमस्कार सांग.

तुझा,
पक्या

ता.क. – अण्णांना विचार, घराचं तारण सरकारी बँकेला द्यायला तयार आहेत का. कर्ज पास करायला बँक किती दिवस लावेल यावर ब्लॉक्ड अकाउंटची तारीख ठरते, तेव्हा मॅनेजरला आत्ताच जाऊन भेटा.